फुकटच्या केबिनचा हिशेब

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंचं पत्र आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं फाउंड्री युनिट आहे. गेल्या डिसेंबरात सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगी असे सिंगापूरहून पेनांग-फुकेतची चार रात्रींची क्रूझ करून आलो. यजमान रोज जेवण झालं की जहाजावरच्या कॅसिनोत जायचे, ते पहाटे तीनला खोलीवर यायचे. शेवटच्या रात्री त्यांना एक कागद मिळाला. पुढच्या वर्षी दोघांसाठी बाल्कनीची केबिन कॉम्प्लिमेंटरी, शिवाय १०० डॉलर 'फ्री प्ले'. त्यांच्या नावावर २,६०० पॉइंट जमलेत म्हणे. घरी आल्यावर खोलीचं बिल पाहिलं तर कॅसिनोच्या नावाखाली १,६४० डॉलर. विचारलं तर म्हणतात, 'ते गेले ते गेले, पण केबिन फुकट मिळाली की! फुकटचं हाय, सोडायचं कशाला?' आता दर पंधरा दिवसांनी नवा मेल येतो, एका बाईंचा फोनही येतो. मेव्हण्यांना बरोबर न्यायचं ठरतंय. ताई, हे खरंच फुकट असतं का? आणि मी नको म्हणाले तर मी खोडा घालणारी ठरते का?"

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, तुम्ही खोडा घालत नाही. घरातल्या दीड लाखाचा हिशेब विचारणं हा तुमचा हक्क आहे. पत्रात तुम्ही यजमानांबद्दल एकही कडवट शब्द लिहिलेला नाही, तेव्हा तुमचा राग कॅसिनोवर नाही, काळजी माणसाची आहे, हे मला दिसतंय. मी सत्तावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. 'फुकट' हा शब्द आला की कागद उलटून मागची बाजू वाचायची, ही सवय तिथलीच. तुमच्या कागदाची मागची बाजू आज आपण दोघी मिळून वाचू.

पॉइंट कसे मिळतात, त्यातच सगळी गोम आहे. जहाजावर खोलीची चावी म्हणून जे कार्ड देतात तेच स्लॉट मशीनमध्ये, म्हणजे बटण दाबून खेळायच्या जुगाराच्या मशीनमध्ये, घालतात. त्या क्षणापासून मशीन प्रत्येक बटणाची नोंद ठेवतं. ही नोंद तुम्ही किती हरलात याची नसते, मशीनमधून एकूण किती रक्कम फिरवली याची असते. धंद्यातले लोक याला 'कॉईन-इन' म्हणतात. जिंकलेले पैसे पुन्हा लावले की तेही त्यात धरले जातात. उदाहरणच द्यायचं तर रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीची 'क्लब रॉयल' योजना घ्या. तिथे स्लॉटवर ५ डॉलर फिरवले की १ पॉइंट, आणि व्हिडिओ पोकरवर १० डॉलरला १. पॉइंटचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. २,५०० पॉइंट झाले की 'प्राइम', २५,००० ला 'सिग्नेचर', १,००,००० ला 'मास्टर्स' अशा पायऱ्या आहेत. कार्निव्हलचा 'प्लेयर्स क्लब', नॉर्वेजियनचं 'कॅसिनोज अॅट सी', सगळीकडे नावं आणि आकडे वेगळे, पण घडण हीच.

आता हाच ५ डॉलरचा दर धरून तुमच्या घरचे २,६०० पॉइंट मोजा. १३,००० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ११ लाख ७० हजार रुपये. चार रात्रींत यजमानांच्या बोटाखालून एवढी रक्कम फिरली. एका बटणाला दीड डॉलर आणि तासाला पाचशे वेळा बटण असा वेग धरला तर हे सतरा तासांचं काम होतं. रात्री साडेदहा ते पहाटे तीन, चार रात्री. तुम्ही लिहिलेल्या वेळांशी हे अगदी जुळतं.

पण खिशातून तर १,६४० डॉलरच गेले, मग १३,००० आले कुठून, असं तुम्ही विचाराल. शाहू मार्केट यार्डातला गुळाचा सौदा डोळ्यांसमोर आणा. समजा एखाद्यानं एकच रवा, म्हणजे गुळाची ढेप, सकाळपासून दहा वेळा विकला आणि दहा वेळा विकत घेतला, आणि दर फेरीला कुणीतरी ८ टक्के कापून घेतले. गूळ तोच, रवा तोच, पण १०० रुपयांचे दुसऱ्या फेरीला ९२ राहतील, तिसऱ्या फेरीला साडेचौऱ्याऐंशी. दहा फेऱ्यांनंतर हातात साधारण ४३ रुपये उरतील. वहीत मात्र उलाढाल ७०० च्या वर दिसेल. कॅसिनोचा पॉइंट त्या ७०० वर मिळतो, आणि आपल्याला ७०० चा धनी झाल्यासारखं वाटतं. खरे गेलेले ५७ कोण मोजत नाही. अर्थात प्रत्यक्षात एकेका रात्री माणूस जिंकतोही, आकडा वरखाली होतो. पण फेऱ्या जितक्या जास्त, तितका हा सरासरीचा आकडा पक्का होत जातो.

टेबलावरच्या खेळाची नोंद माणूस ठेवतो. ब्लॅकजॅक (पत्त्यांचा खेळ) किंवा रुलेटला (फिरत्या चक्राचा खेळ) बसलं की सुपरवायझर कार्ड घेतो, सरासरी किती लावता, किती वेळ बसलात, हे लिहून ठेवतो. मग सरळ गुणाकार. सरासरी पैज, गुणिले तासाला किती डाव, गुणिले तास, गुणिले त्या खेळातला कॅसिनोचा टक्का. रुलेटमध्ये हा टक्का उघड मोजता येतो. एक शून्य असलेल्या चक्रावर ३७ घरं असतात आणि एका आकड्यावर जिंकलं तर ३५ पट मिळतात, म्हणून कॅसिनोचा वाटा २.७० टक्के. दोन शून्यं असतील तर घरं ३८ होतात, देणं मात्र ३५ पटच, आणि वाटा ५.२६ टक्क्यांवर जातो. एक जादा शून्य आलं की कॅसिनोचं उत्पन्न जवळपास दुप्पट. ब्लॅकजॅकच्या टेबलावर पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस झाल्यावर मिळणारा दर '३ ला २' ऐवजी '६ ला ५' लिहिलेला असेल तर तिथेही कॅसिनोचा वाटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. स्लॉटचं असं काही कपाळावर लिहिलेलं नसतं. जहाजावर शेजारी दुसरा कॅसिनो नाही, उठून जायला रस्ता नाही, त्यामुळे मशीन उदार ठेवायची त्यांना गरजही नसते. ८ ते १० टक्के धरून चालणं शहाणपणाचं.

या गुणाकाराचं उत्तर म्हणजे 'थिओ'. हा माणूस सरासरीनं किती हरणार, याचा कंपनीचा अंदाज. कॉम्प्लिमेंटरी केबिन, मोफत ड्रिंक्स, फ्री प्ले हे सगळं या थिओवरून ठरतं. यजमान त्या रात्री प्रत्यक्ष जिंकले असते तरी हाच कागद आला असता, कारण तो कागद झालेल्या हरण्याची भरपाई नाही, पुढच्या हरण्याचं आमंत्रण आहे. जमिनीवरच्या कॅसिनोंत थिओच्या साधारण २० ते ४० टक्के खेळणाऱ्याला सवलतीत परत द्यायची रीत आहे. म्हणजे शंभराला वीस ते चाळीस परत, तेही रोखीत नाही, वस्तूत.

जहाजाला तर हे अजूनच स्वस्त पडतं, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बोट सुटली की रिकामी केबिन ही गेलेली केबिन. तिचं डिझेल, तिचा स्टाफ, तिचा मुदपाकखाना, सगळा खर्च झालेलाच असतो. तिथे दोन माणसं आणून बसवली तर कंपनीला जादा खर्च थोडासा येतो, आणि तुमच्या कागदावर मात्र त्या केबिनची छापील किंमत झळकते. शिवाय ती दोन माणसं बारमध्ये, वाय-फायवर, किनाऱ्यावरच्या सहलींवर खर्च करतातच. एसटीत मोकळ्या सीटवर कुणाला बसवलं तर कंडक्टरचं काही जात नाही, तसंच हे. फरक इतकाच की इथे त्या सीटवर कोण बसवायचं, हे सतरा तासांची नोंद पाहून ठरवलेलं असतं.

आता 'फुकट' कितीला पडतं ते घरी वहीत लिहून पाहा. बंदराचे कर आणि फी सहसा मोफत केबिनमध्ये धरलेले नसतात, माणशी १२० डॉलर धरा. ग्रॅच्युइटी, म्हणजे स्टाफची बक्षिसी, अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर दिवसाला माणशी १६ ते २० डॉलरच्या घरात असते. १८ धरली तर चार रात्री, दोन माणसं, १४४ डॉलर. दोन्ही मिळून ३८४ डॉलर, म्हणजे सुमारे साडेचौतीस हजार रुपये. कोल्हापूरहून मुंबई आणि मुंबईहून सिंगापूर जाऊन-येऊन माणशी ३५ हजार धरले तर ७० हजार. व्हिसा, बोटीच्या आधीची एक रात्र हॉटेलात, टॅक्सी, २० हजार. सव्वा लाखाला टेकले की! यात अजून एकदाही बटण दाबलेलं नाही. आणि मेव्हणे? केबिन दोघांची आहे आणि ती कागदावर ज्याचं नाव त्याच्याबरोबरच वापरता येते, दुसऱ्याला देता येत नाही. मेव्हण्यांना वेगळी केबिन पूर्ण पैसे मोजून घ्यावी लागेल, किंवा तुम्ही घरी राहायचं. पत्रातलं 'दोघांसाठी' हे दोघं नेमके कोण, हे एकदा यजमानांना शांतपणे विचारा.

फ्री प्लेचं थोडक्यात. ते १०० डॉलर हातात मिळत नाहीत. मशीनमध्ये एकदा फिरवावे लागतात, त्यातून जे जिंकलं तेवढंच तुमचं. ते एकदा फिरवून उठलं तर सरासरी ९०-९२ डॉलर पदरात पडतात. पण ते संपल्यावर उठणारी माणसं मी फार कमी पाहिलीत.

तुमच्या बिलात आणखी एक गोष्ट शोधा. कॅसिनोत जाऊन खोलीच्या खात्यावर पैसे उचलले, तर बऱ्याच कंपन्या त्यावर ३ ते ५ टक्के फी लावतात. मग घरी आल्यावर आपल्या बँकेचं क्रेडिट कार्ड परकीय चलनाचा मार्कअप कापतं, बहुतेक कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यावर पुन्हा जीएसटी. १,६४० डॉलरच्या मागे असे दहा ते तेरा हजार रुपये गेलेले असू शकतात, आणि त्याबद्दल पॉइंटही मिळत नाहीत.

कराचंही सांगून ठेवते, कारण जिंकलं तरी सुख नाही. आपल्याकडे जुगारातल्या जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के आयकर आहे, वर सेस. आदल्या रात्री दोन लाख हरलो म्हणून आज जिंकलेल्या लाखातून ते वजा करता येत नाहीत. भारतात राहणाऱ्याला परदेशातली कमाईही दाखवावी लागते. शिवाय परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांत लॉटरीची तिकिटं, स्वीपस्टेक अशांसाठी बाहेर पैसे पाठवायला बंदी आहे. तेव्हा कार्डावर कॅसिनोची मोठी रक्कम चढवण्याआधी तुमच्या फाउंड्रीच्या सीएंना विचारायलाच हवं. महाराष्ट्रात तर कॅसिनो नाहीतच. आपल्या विधिमंडळानं १९७६ साली त्यांच्यासाठी कायदा केला होता, तो कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो मोडीत काढायचं ठरवलं. म्हणून आपली माणसं गोव्याला मांडवीवर जातात, नाहीतर समुद्रावर. समुद्रावरही बोट बंदरात असताना कॅसिनो बंद असतो. किनारा मागे पडला की उघडतो.

आता करायचं काय? जायचं की नाही?

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. साध्या कॉम्प्लिमेंटरी केबिनला जाऊन खेळलंच पाहिजे असं सहसा बंधन नसतं. कागदावर तशी अट नाही ना, एवढं वाचून घ्या. म्हणजे तुम्ही दोघं जाऊन चार दिवस समुद्र बघून, एकदाही कॅसिनोची पायरी न चढता परत येऊ शकता. कुणी काही म्हणणार नाही. फक्त पुढच्या वेळी मेल येणार नाही, किंवा बाल्कनीऐवजी आतल्या बिनखिडकीच्या केबिनची ऑफर येईल. कंपनीच्या नजरेत तुमचा थिओ उतरलेला असेल. माझ्या मते तो उतरणं ही तुमच्या घराला मिळालेली खरी सवलत.

म्हणून माझं मत असं. सव्वा लाख खर्चून सिंगापूरला जायची इच्छा या कागदाशिवायही असती, तर जा. नसती, तर कागद फाडा. पॉइंट पुढच्या पायरीला न्यायचे म्हणून तर कधीच जाऊ नका. २५,००० पॉइंटची पायरी म्हणजे पाच डॉलरच्या दरानं सव्वा लाख डॉलरची उलाढाल. ८ टक्क्यांनी दहा हजार डॉलर, नऊ लाख रुपये. शिरोलीत तुम्ही एखादं चांगलं मशीन घेऊ शकाल.

जायचं ठरलं तर पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा आणि खोलीच्या खात्यावर कॅसिनोत पैसे उचलणं बंद करा, किंवा रोजची मर्यादा घाला. यजमानांच्या खिशात ठरवलेली रोख रक्कम द्या. संपली की संपली. हे ठरवणं कोल्हापुरात, घरच्या टेबलावर व्हायला हवं. बोटीवर रात्री अकराला नाही.

यजमानांशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ओळीओळीत तेच आहे. 'तुम्ही जुगार खेळता' असं म्हणून सुरुवात करू नका. आपल्या कोल्हापुरात 'नाद' हा शब्द कौतुकानं घेतला जातो, आणि माणसाला वाटतं आपल्या मर्दानगीवरच कुणी बोट ठेवलं. त्यांच्या धंद्याच्या भाषेत बोला. ते फाउंड्रीवाले आहेत, रिजेक्शनचा टक्का त्यांना तोंडपाठ असेल. त्यांना विचारा, "ज्या ऑर्डरमध्ये दर फेरीला साडेबारा टक्के माल रिजेक्ट होणार हे आधीच माहीत आहे, ती तुम्ही घ्याल का?" १३,००० वर १,६४० गेले, म्हणजे साडेबारा टक्केच झाले. स्वतःच्या शॉप फ्लोअरवर ते असं चार दिवस चालू देणार नाहीत. हा आकडा त्यांना स्वतःला काढू द्या, तुम्ही फक्त बिल आणि पॉइंटचा कागद शेजारी शेजारी ठेवा.

पण ताई, काही गोष्टींवर लक्ष ठेवा. कॅसिनोचा खर्च लपवणं, कारखान्याच्या खात्यातून उचल, मित्रांकडून उसनवारी, 'गेले ते एकदा काढतो की झालं' असं बोलणं, मोबाईलवर तसलेच गेम सुरू होणं. यातलं एकही दिसलं तर प्रश्न क्रूझचा राहिला नाही असं समजा. मग भांडत बसू नका, मदत घ्या. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, फोन मोफत लागतो आणि मराठीत बोलता येतं. जुगाराचं व्यसन हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे, आणि त्यावर उपचार होतात. तुमच्या पत्रावरून आज तरी मला तसं वाटत नाही. चार रात्रींची भूल आणि एक चकचकीत कागद, एवढंच दिसतंय. तरी हा नंबर लिहून ठेवा.

राहिल्या त्या फोनवरच्या बाई. त्यांना 'कॅसिनो होस्ट' म्हणतात आणि तुमच्या यजमानांसारख्यांना परत बोलावणं हेच त्यांचं काम आहे. त्या गोड बोलतात, त्यांच्यावर चिडू नका. पुढच्या फोनला यजमानांनीच एवढं म्हणावं, "आमचं नाव ऑफरच्या यादीतून काढा आणि काढल्याचा मेल पाठवा." आणि जायचंच ठरलं असेल तर त्या बाईंना हेही विचारा, की कर, बंदर फी आणि ग्रॅच्युइटी धरून दोघांचे एकूण किती डॉलर आणि कोणत्या तारखेपर्यंत रद्द केलं तर पैसे परत मिळतात. उत्तर मेलवर मागा, फोनवरचं धरू नका. तो मेल आला की मला पाठवा, मी वाचून कळवते.